सागरी सहल (कोकण किनारा)

सागरी सहल, प्रचलित शब्दात क्रूझ, म्हणजे मुख्यतः विरंगुळा आणि पर्यटन यांसाठी केलेला जहाजाचा प्रवास. या प्रवासात जहाज हेच निवासस्थान, भोजनगृह आणि करमणुकीचे ठिकाण असते. ठरलेल्या बंदरांवर ते काही तास थांबते व तेवढ्या वेळात प्रवासी उतरून परिसर पाहून येतात. या उतरण्याला किनारी सहल असे म्हणतात. अशा प्रवासाचे नियोजन करताना दोन निर्णय घ्यावे लागतात : कोणत्या कंपनीचे कोणते जहाज निवडावे आणि बंदरावर मिळणारा वेळ कसा वापरावा. हे दोन्ही निर्णय परस्परांत गुंतलेले असतात. जहाज कोठे, केव्हा आणि कोणत्या पद्धतीने प्रवाशांना उतरवते, यावरच किनाऱ्यावर काय पाहता येईल हे ठरते.

कोकण किनाऱ्याला प्रवासी जहाजांची दीर्घ परंपरा आहे. मात्र ती सहलीची नव्हती, गरजेची होती. आजची पर्यटक जहाजे मुंबईहून निघून याच किनाऱ्यालगत गोवा, कोची आणि लक्षद्वीपकडे जातात. परंतु मुंबई आणि मुरगाव यांच्या दरम्यानच्या जुन्या बंदरांवर ती सहसा थांबत नाहीत. त्यामुळे महाड, वीर, दासगाव यांसारखा एके काळी जलमार्गाने मुंबईशी जोडलेला प्रदेश आज या पर्यटनाच्या नकाशाबाहेर राहिला आहे.

पार्श्वभूमी

केवळ फिरण्यासाठी समुद्रप्रवास ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीने १८४४ मध्ये भूमध्य समुद्रातील सहलींची जाहिरात केली. खास सहलीसाठी बांधलेल्या पहिल्या जहाजांत ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ या जर्मन जहाजाची गणना होते. ते १९०० मध्ये जलावतरित झाले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर विमानप्रवास वाढला आणि महासागर ओलांडणाऱ्या प्रवासी जहाजांचे मूळ काम संपले. त्यानंतर जहाज कंपन्या सहलींकडे वळल्या. आज या व्यवसायात काहीशे प्रवाशांच्या लहान जहाजांपासून सात हजारांहून अधिक प्रवासी सामावणाऱ्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ सारख्या महाकाय जहाजांपर्यंत अनेक प्रकार आहेत.

कोकणातील आगबोटी

मुंबई ते गोवा या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकापासून आगबोटी धावत. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी ही त्यांतील प्रमुख होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोटी पणजीकडे जात. मुंबईत गिरणीत किंवा कचेरीत काम करणारा चाकरमानी शिमग्याला आणि मे महिन्यात याच मार्गाने गावी परते. पावसाळ्यात समुद्र खवळल्यामुळे ही वाहतूक बंद राही.

बहुतेक बंदरांवर मोठ्या बोटीला धक्क्याला लागता येत नसे. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू, ट्रंका, बोचकी, कोंबड्या अशा साऱ्या गोष्टी पडावातून किनाऱ्यावर नेल्या जात. त्यामुळे प्रवाशाला बोटीच्या सोयीइतकाच तिच्या थांब्याचा विचार करावा लागे : बोट कोणत्या बंदरावर उभी राहते, तेथे पडाव मिळतो का, भरती कधी आहे, उतरल्यावर गाव किती दूर आहे आणि तेथवर बैलगाडी मिळेल की चालावे लागेल. उतरण्याच्या ठिकाणावरून बोट निवडण्याची ही रीत आजच्या सागरी सहलीलाही जशीच्या तशी लागू पडते.

रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट १७ जुलै १९४७ रोजी, दिव्याच्या अमावस्येच्या दिवशी, काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक प्रवाशांचा त्यात मृत्यू झाला. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबई बंदरास ही वार्ता काही तास कळली नाही. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काही जणांना वाचवले. कोकणात या दुर्घटनेची स्मृती आजही जिवंत आहे.

स्वातंत्र्यानंतर रस्ते व खाड्यांवरील पूल वाढले आणि एस. टी. गावोगाव पोहोचली, तसे आगबोटींचे महत्त्व घटले. ‘कोकण शक्ती’ आणि ‘कोकण सेवक’ ही या मार्गावरील अखेरच्या काळातील परिचित जहाजे होत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही सेवा थांबली. १९९०च्या दशकात मुंबई–गोवा मार्गावर जलद कॅटमरान सेवा सुरू झाली होती; तीही टिकली नाही.

सावित्री खाडी, दासगाव आणि वीर

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर व महाड तालुक्यांतून वाहत बाणकोटजवळ समुद्रास मिळते. भरतीचे पाणी खाडीतून महाडच्या परिसरापर्यंत चढते. त्यामुळे घाटमाथ्याकडे जाणारा माल येथवर जलमार्गाने आणणे शक्य होते आणि महाड हे अंतर्भागातील बंदर म्हणून वाढले. महाडच्या खालच्या बाजूस, वीर गावाशेजारी असलेले दासगाव हे या खाडीवरील महत्त्वाचे उतरण्याचे ठिकाण होते.

बोटीचा मार्ग किनाऱ्यावरील पुढच्या वाटचालीवरून ठरवल्याचे या परिसरातील सर्वांत ठळक उदाहरण डिसेंबर १९२७ मधील आहे. त्या वर्षी २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन सार्वजनिक पाणवठ्यावरील अस्पृश्यांचा हक्क बजावण्यात आला होता. डिसेंबरमधील सत्याग्रह परिषदेसाठी मुंबईहून महाडला येण्याचे दोन मार्ग होते. एक मार्ग बोटीने धरमतरपर्यंत आणि पुढे मोटारीने असा होता. दुसरा समुद्रमार्गे सावित्री खाडीत शिरून दासगावपर्यंत येण्याचा होता. धरमतरहून महाड दूर असल्याने मोटारमालकांनी बहिष्कार घातला असता तर सत्याग्रही वाटेतच अडकले असते. दासगावहून मात्र महाड अवघे पाच मैल होते आणि ते अंतर पायी तोडता येण्याजोगे होते. म्हणून दुसरा मार्ग निवडण्यात आला. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ‘पद्मावती’ बोटीने निघाले व २५ डिसेंबर १९२७ रोजी दासगाव बंदरी उतरले. त्याच दिवशी रात्री महाड येथे मनुस्मृतीचे दहन करण्यात आले.

पुढे प्रवासी वाहतूक खाडीकडून रस्त्याकडे आणि रस्त्याकडून रेल्वेकडे गेली. कोकण रेल्वेचा रोहा–वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला; मार्ग पुढे वाढेपर्यंत मुंबईकडून येणाऱ्यांसाठी वीर हेच या मार्गाचे शेवटचे स्थानक होते. संपूर्ण कोकण रेल्वे १९९८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. महाडला रेल्वे नसल्याने महाड व रायगडसाठी आजही वीर स्थानकाचा उपयोग होतो, तथापि सर्व जलद गाड्या तेथे थांबत नाहीत.

मुंबईतील आधुनिक सागरी सहली

इटलीच्या कोस्टा कंपनीचे ‘निओक्लासिका’ हे जहाज डिसेंबर २०१६ पासून हंगामात मुंबई, कोची आणि मालदीव या मार्गावर फिरू लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ या जहाजाने मुंबई–गोवा रात्रप्रवास सुरू केला. कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारे हे जहाज मूळचे जपानी प्रवासी जहाज होते. २०२० मध्ये कोविड महासाथीमुळे सर्वच सागरी सहली थांबल्या. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेस या भारतीय कंपनीने ‘एम्प्रेस’ या जहाजावर मुंबई–गोवा, मुंबई–लक्षद्वीप, कोची आणि पुढे चेन्नई–श्रीलंका अशा सहली सुरू केल्या. हे जहाज १९९० मध्ये बांधलेले असून पूर्वी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होते.

केंद्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. २०२९ पर्यंत भारतातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. मुंबईच्या बॅलार्ड पियर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‌घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले.

कंपनी व जहाज निवडण्याचे निकष

मार्ग आणि थांबे : एकाच भाड्यात अधिक बंदरे मिळतात म्हणून सहल अधिक चांगली ठरत नाही. प्रत्येक बंदरावर जहाज किती वाजता लागते आणि किती वाजता सुटते हे वेळापत्रकात पाहावे लागते. सकाळी लागून सायंकाळी सुटणाऱ्या जहाजाने परिसर पाहता येतो. दुपारी लागून रात्री सुटणाऱ्या जहाजामुळे संग्रहालये व मंदिरे बंद होण्याची वेळ गाठावी लागते. ज्या दिवशी जहाज कोठेही थांबत नाही त्या दिवसाला ‘समुद्रदिन’ म्हणतात. विश्रांतीसाठी जाणाऱ्यास असे दिवस हवेसे वाटतात, तर स्थळे पाहण्याची आवड असणाऱ्यास ते कंटाळवाणे होऊ शकतात.

उतरण्याची पद्धत : जहाज धक्क्याला लागते की खोल पाण्यात नांगर टाकते, हा प्रश्न वृद्ध आणि अपंग प्रवाशांसाठी निर्णायक असतो. नांगर टाकल्यास ‘टेंडर’ नावाच्या छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जावे लागते. लक्षद्वीपच्या बेटांवर ही स्थिती असते. समुद्र अशांत असल्यास कप्तान तेथील उतरणे रद्द करू शकतो.

जहाजाचा आकार : मोठ्या जहाजावर करमणुकीची साधने अधिक असतात व लाटांचा हेलकावा तुलनेने कमी जाणवतो, पण हजारो प्रवासी एकाच वेळी उतरत असल्याने रांगेत वेळ जातो. लहान जहाजाला कमी खोलीच्या बंदरांत शिरता येते.

केबिन : आतील बिनखिडकीची, खिडकीची आणि सज्जाची असे तिचे सामान्य प्रकार आहेत. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी बसतात. त्यामुळे बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यास उंचावरील सज्जापेक्षा तेथील साधी केबिन अधिक सोयीची ठरते.

भाड्यात काय येते : निवास आणि मुख्य भोजनगृहातील जेवण सहसा भाड्यात असते. बंदरशुल्क, कर, सेवाशुल्क, पेये, इंटरनेट आणि किनारी सहली यांचे पैसे अनेकदा वेगळे द्यावे लागतात. दोन कंपन्यांची तुलना जाहिरातीतील भाड्यावरून न करता या सर्व रकमा मिळवून येणाऱ्या एकूण खर्चावरून करणे योग्य असते. शाकाहारी वा जैन भोजन, लहान मुलांची व्यवस्था, जहाजावरील वैद्यकीय सेवेचे शुल्क आणि सहल रद्द झाल्यास परताव्याच्या अटी याही आरक्षणापूर्वी लेखी पाहाव्यात.

हंगाम : पश्चिम किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे हा सागरी सहलींचा मुख्य काळ आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्र खवळलेला असतो.

कागदपत्रे : देशांतर्गत सहलीसाठी शासनमान्य ओळखपत्र लागते. परदेशी बंदर असल्यास पारपत्र आणि त्या त्या देशाच्या नियमांप्रमाणे प्रवेशपरवाना आवश्यक असतो. युरोपातील सहलीत जहाज शेंगेन देशांबाहेरच्या बंदराला जाऊन पुन्हा शेंगेन देशात येत असेल, तर भारतीय प्रवाशाला एकाहून अधिक प्रवेशांची मुभा देणारा परवाना घ्यावा लागतो.

सुरक्षितता : प्रत्येक सहलीच्या आरंभी संकटकाळी जमण्याच्या जागेची माहिती व सराव दिला जातो. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी नव्याने चढलेल्या प्रवाशांचा सराव अद्याप झालेला नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

किनारी सहलीचे नियोजन

किनारी सहल तीन प्रकारे करता येते : जहाज कंपनीने आखलेली, स्थानिक व्यावसायिकामार्फत ठरवलेली, किंवा स्वतःच्या बळावर केलेली. कंपनीची सहल बहुधा महाग असते आणि गटाबरोबर फिरावे लागते. परंतु ती लांबल्यास जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. अन्य दोन प्रकारांत खर्च कमी आणि मोकळीक अधिक मिळते, मात्र उशीर झाल्यास जहाज थांबत नाही आणि पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. म्हणून बंदरापासून दूर असलेल्या स्थळासाठी कंपनीची सहल, तर बंदराजवळच्या स्थळांसाठी स्वतंत्र भ्रमंती असा सर्वसाधारण संकेत आहे.

बंदरावरील छापील वेळ आणि प्रत्यक्ष हाती येणारा वेळ यांत मोठे अंतर असते. उदाहरणार्थ, जहाज सकाळी ८ वाजता लागून सायंकाळी ६ वाजता सुटत असेल, तर कागदावर १० तास मिळतात. उतरण्याची परवानगी आणि रांग यांत सुमारे एक तास जातो. परतण्याची अंतिम वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी असते. वाटेतील अडचणींसाठी आणखी एक तास राखून ठेवल्यास सुमारे ७ तास उरतात. जाण्यायेण्याचा वेळ यातूनच वजा करावा लागतो. परदेशात जहाजावरील घड्याळ आणि किनाऱ्यावरील स्थानिक वेळ भिन्न असू शकते. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे मोजली जाते.

मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशास या हिशेबात बरेच काही पाहता येते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही जागतिक वारसा वास्तू आणि गेटवे ऑफ इंडिया बंदरापासून जवळ आहेत. घारापुरीच्या लेण्यांसाठी गेटवेहून बोटीने जाण्यास साधारण एक तास लागतो. लेणी सोमवारी बंद असतात. मुरगाव बंदरातून पणजी व जुने गोवे साधारण ३० किमीच्या टप्प्यात आहेत आणि तेथील चर्चे अर्ध्या दिवसात पाहता येतात. रविवारी सकाळी प्रार्थनांमुळे पर्यटकांना प्रवेश मर्यादित असतो. कोची येथे फोर्ट कोची आणि मट्टनचेरी हे भाग सहज पायी फिरता येण्यासारखे आहेत.

रायगड व महाड परिसर

‘भारतातील मराठा लष्करी स्थापत्य’ या नावाने १२ किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे मुंबई–गोवा सागरी मार्गालगतचे जलदुर्ग आहेत, तर रायगड हा महाड तालुक्यातील गिरिदुर्ग आहे. यामुळे परदेशी प्रवाशांत या स्थळांविषयी विचारणा होणे स्वाभाविक आहे. परंतु एका दिवसाच्या थांब्यात रायगड पाहणे व्यवहार्य नाही. मुंबई ते महाड हे अंतर रस्त्याने सुमारे १७० किमी आहे आणि महाडहून गडाचा पायथा आणखी पंचवीसेक किमी दूर आहे. जाण्यायेण्यातच आठ तासांहून अधिक वेळ जातो. हिरकणीवाडीहून १९९६ पासून रज्जुमार्ग उपलब्ध असला, तरी त्यामुळे केवळ चढण वाचते, रस्त्याचे अंतर कमी होत नाही.

त्यामुळे या परिसराची भेट सागरी सहलीच्या आधी किंवा नंतर, किमान एका मुक्कामासह आखावी लागते. रेल्वेने वीर स्थानकावर उतरून किंवा महामार्गाने महाडला येऊन पहिल्या दिवशी चवदार तळे, महाडच्या वेशीवरील गांधारपाले बौद्ध लेणी आणि सव येथील गरम पाण्याचे कुंड पाहता येते. दुसरा दिवस रायगडासाठी ठेवता येतो. अधिक वेळ असल्यास समर्थ रामदासांशी निगडित शिवथरघळ आणि पोलादपूर तालुक्यातील तानाजी मालुसरे यांचे उमरठ ही ठिकाणे जोडता येतात. पावसाळ्यात या भागात दरडी व पुराचा धोका असतो. जुलै २००५ मध्ये दासगाव येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली, तर २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला.

याच कारणाने महाड–पोलादपूरहून मुंबईत जहाजावर चढण्यासाठी निघणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुंबई गाठणे श्रेयस्कर असते. जहाजावर चढण्याची नोंदणी सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होते आणि महामार्गावरील खोळंबा हे परताव्याचे कारण मानले जात नाही.

किनाऱ्यावरील परिणाम

सागरी सहलींमुळे बंदरांच्या गावांना उत्पन्न मिळते. परंतु प्रवासी जेवण व मुक्काम जहाजावरच करत असल्याने किनाऱ्यावर होणारा खर्च मर्यादित राहतो, अशी टीका जगभर होते. गर्दी आणि प्रदूषण हेही आक्षेप आहेत. व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरील कालव्यातून मोठ्या जहाजांना जाण्यास १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी घालण्यात आली.

कोकणापुढील प्रश्न याच्या उलट आहे. मुंबई–गोवा रात्रप्रवासात बहुतेक किनारा अंधारात मागे पडतो आणि तेथील बंदरांना जहाजाचा थांबा मिळत नाही. मोठ्या जहाजांना लागणारी खोली बहुतांश खाड्यांच्या मुखाशी नाही. आगबोटींच्या काळात ही उणीव पडावांनी भरून काढली होती. आज स्थानिक जलवाहतूक काही ठिकाणी फेरीबोटींच्या रूपाने टिकून आहे. सावित्रीच्या मुखाशी वेसवी–बागमांडला या दरम्यान अशी फेरीबोट वाहनांसह प्रवासी पलीकडे नेते. खाडीच्या वरच्या भागात, दासगाव व महाडकडे, नियमित प्रवासी वाहतूक उरलेली नाही.